ले ग्विन यांना नक्की किती पुरस्कार मिळाले? विज्ञानकथा-लेखकाची पुरस्कारयादी करायला बसणाऱ्यांसाठी

एखाद्या लेखिकेचा परिचय लिहायला घेतला की पुरस्कारांचं वाक्य आपण शेवटावर ढकलतो. पुस्तकांवर लिहून झालं की जाता जाता एक ओळ टाकू, त्यात काय एवढं! अमेरिकी विज्ञानकथा आणि अद्भुतकथा-लेखिका अर्सुला के. ले ग्विन यांच्यावर दोन पानी टिपण लिहिताना मीही असंच म्हटलं होतं. दोन पानं एका संध्याकाळी झाली, ती एक ओळ मात्र चार संध्याकाळी खाऊन गेली. एका पुस्तकाच्या मलपृष्ठावर ह्यूगो (विज्ञानकथेचा मोठा पुरस्कार) पाच, दुसरीकडे सात, तिसरीकडे आठ. आणि माझ्या स्वतःच्या पहिल्या यादीत नेब्युला, म्हणजे तसाच दुसरा मोठा पुरस्कार, भरले चक्क नऊ, प्रत्यक्षात ते सहाच आहेत. ते तीन जास्तीचे कुठून आले, ते पुढे सांगतो.

अद्भुतकथा आणि विज्ञानकथा लिहिणाऱ्या कुठल्याही लेखकाची यादी करताना हाच गुंता समोर येतो. उदाहरण ले ग्विन यांचंच घेतो. एक तर त्यांची यादी मला पाठ झाली आहे, आणि दुसरं म्हणजे या प्रकारात जितके खड्डे असू शकतात ते बहुतेक सगळे त्यांच्या एकटीच्या यादीत सापडतात.

हाताशी काय असू द्यावं

- एक स्प्रेडशीट, किंवा आडवी धरलेली वही. नुसत्या ओळी लिहीत गेलात तर पस्तावाल.
- प्रत्येक पुरस्काराचं अधिकृत संकेतस्थळ. विजेत्यांची वर्षवार यादी तिथे असते.
- ताडून पाहण्यासाठी ‘इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेस’. एखादी कथा पहिल्यांदा कुठल्या मासिकात किंवा संग्रहात आली, हे शोधायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही मला सापडलेलं नाही.
- लेखकाची पुस्तकं मिळाली तर त्यांतलं प्रकाशनाच्या तपशिलांचं पान. मलपृष्ठ नव्हे. मलपृष्ठ जाहिरातीसाठी असतं.

१. आधी रकाने आखा, मग नोंदी करा

सात रकाने पुरतात: पुरस्काराचं नाव, गट, साहित्यकृती, ती पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्याचं वर्ष, पुरस्काराच्या नावातलं वर्ष, समारंभाचं वर्ष, आणि निकाल. वर्षांसाठी तीन रकाने पाहून हसू येईल, पण तिसऱ्या पायरीवर पोचलात की त्यांची गरज कळेल.

‘निकाल’ या रकान्यात फक्त ‘जिंकला’ असं लिहायचं नसतं. अंतिम फेरी, मानपत्र, जीवनगौरव, माघार हे सगळं तिथेच येतं.

२. पुरस्कार कोण देतं, हे एकदा नीट समजून घ्या

नावं पाठ करण्यापेक्षा ‘मत कुणाचं?’ हा प्रश्न विचारा.

ह्यूगो हा वाचकांचा पुरस्कार आहे. ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक १९२६ साली सुरू करणाऱ्या ह्यूगो गर्न्सबॅक यांच्या नावावरून तो ओळखला जातो. पहिल्यांदा तो १९५३ साली फिलाडेल्फियात दिला गेला, १९५४ साली दिलाच नाही, आणि १९५५पासून दरवर्षी दिला जातो. जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे, म्हणजे वर्ल्डकॉनचे, सभासद मतदान करतात. सभासद कुणालाही होता येतं, त्यासाठी लेखक असण्याची गरज नाही. मतपत्रिकेवर पसंतीक्रम लावायचा असतो आणि तिथे ‘कुणालाच पुरस्कार नको’ असाही एक पर्याय असतो. तो नुसता शोभेचा नाही, २०१५ साली पाच गटांत तोच जिंकला.

नेब्युला म्हणजे लेखकांनी लेखकांना दिलेली दाद. अमेरिकेतली विज्ञानकथा-लेखकांची संघटना १९६५ साली डेमन नाइट यांच्या पुढाकाराने उभी राहिली आणि पुढच्याच वर्षापासून तिचे सदस्य हा पुरस्कार मतदानाने देऊ लागले.

वर्ल्ड फँटसी पुरस्कार १९७५ साली सुरू झाला. इथे मतदारांचं काम अंतिम यादीतल्या दोन जागा ठरवण्यापुरतं असतं, बाकी निवड आणि निकाल परीक्षक मंडळाच्या हाती. जुन्या छायाचित्रांत विजेत्यांच्या हातात एक लांबोडका चेहरा दिसतो, तो एच. पी. लव्हक्राफ्ट यांचा. त्यांच्या वर्णद्वेषी विचारांवरून बराच वाद झाला, २०१५नंतर तो पुतळा बंद झाला, आणि आता झाडाआडून डोकावणाऱ्या पूर्णचंद्राची प्रतिकृती देतात. छायाचित्रावरून साधारण काळ ओळखायला ही खूण उपयोगी पडते.

लोकस पुरस्कार त्याच नावाच्या मासिकाच्या वाचक-कौलातून ठरतो. १९७१पासून चालू आहे. मत कुणीही देऊ शकतं, पण वर्गणीदाराचं मत दुप्पट धरलं जातं. ले ग्विन यांना हा वीसहून जास्त वेळा मिळाला. माझं मत विचाराल तर परिचयात लोकसचा नुसता आकडा द्यावा, एकेक नोंद लिहीत बसू नये, वाचक कंटाळतो.

ब्रिटनमधला आर्थर सी. क्लार्क पुरस्कार हे पाचवं नाव अनेक लेखकांच्या यादीत दिसेल. १९८७ साली मार्गारेट अ‍ॅटवुड यांच्या ‘द हँडमेड्स टेल’ने त्याची सुरुवात झाली. बक्षिसाची रक्कम गमतीची असते: २०१८ साली दिला तर २,०१८ पौंड, पुढच्या वर्षी एक पौंड जास्त.

३. वर्षांचा घोळ सोडवा

नऊ नेब्युला इथेच जन्माला आले.

ह्यूगोच्या नावातलं वर्ष समारंभाचं असतं. २०१८चा ह्यूगो म्हणजे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या लेखनाला २०१८ साली दिलेला. लोकस आणि वर्ल्ड फँटसीचंही तसंच. नेब्युलाच्या नावात मात्र परंपरेने लेखनाचं वर्ष असतं आणि समारंभ त्याच्या पुढच्या वर्षी होतो. काही याद्या पहिलं वर्ष देतात, काही दुसरं, आणि आपण कोणतं देतोय हे कुणीच सांगत नाही.

‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ १९६९ साली आली. तिचा नेब्युला १९६९चा, दिला १९७० साली. ह्यूगो १९७०चा, दिलाही १९७० साली, जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये. मी एका ठिकाणाहून ‘नेब्युला १९६९’ उतरवून घेतलं, दुसऱ्या ठिकाणाहून ‘नेब्युला १९७०’, आणि दोन वेगळ्या ओळी समजून दोन्ही ठेवल्या. ‘द डिस्पझेस्ड’च्या बाबतीत १९७४ आणि १९७५, ‘टेहानू’च्या बाबतीत १९९० आणि १९९१. सहाचे नऊ झाले ते असे. बेरीज करताना एकदाही मनात आलं नाही की एकाच कादंबरीला एकच पुरस्कार दोनदा कसा मिळेल. म्हणून यादी पूर्ण झाली की ती साहित्यकृतीच्या नावाने क्रमवार लावून पाहा. जुळी भावंडं लगेच शेजारी येऊन बसतात.

याहून अवघड उदाहरण ‘पॉवर्स’चं. कादंबरी आली २००७ साली, पुरस्कार नेब्युला २००८, आणि समारंभ झाला एप्रिल २००९मध्ये. हे छापखान्याच्या चुकीने झालेलं नाही. त्या काळी प्रकाशनाच्या दिवसापासून पुढे वर्षभर कृती पात्र धरली जायची, त्यामुळे वर्षाच्या उत्तरार्धात आलेलं पुस्तक सहज पुढच्या वर्षाच्या खात्यात जायचं. ‘सॉलिट्यूड’ ही दीर्घकथा १९९४च्या अखेरीला मासिकात आली, तिचा नेब्युला १९९५चा आणि हातात पडला १९९६ साली. नंतर नियम बदलून कॅलेंडर वर्ष धरायला लागले, त्यामुळे अलीकडच्या लेखकांच्या यादीत हा त्रास नाही.

आणखी एक सापळा पुस्तकाच्या तारखेचा. ‘द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट’ हे पुस्तक तुमच्या हातात असेल तर त्यावर १९७६ दिसेल. पुरस्कार आहे १९७३चा ह्यूगो. प्रकाशनाच्या तीन वर्षं आधी पुरस्कार? तसं नाही. ही लघुकादंबरी १९७२ साली हार्लन एलिसन यांनी संपादित केलेल्या एका संग्रहात आली होती, पुरस्कार तिला तेव्हाच मिळाला, आणि स्वतंत्र पुस्तक नंतर निघालं. म्हणूनच रकान्याचं नाव ‘पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्याचं वर्ष’ असं ठेवायला सांगितलं.

४. लांबीचे गट तपासा

ह्यूगो आणि नेब्युलामध्ये कथात्म लेखनाचे गट शब्दसंख्येवर ठरतात. ७,५०० शब्दांच्या आत ती लघुकथा. तिथून १७,५००पर्यंत दीर्घकथा. तिथून ४०,०००पर्यंत लघुकादंबरी, आणि त्यापुढे कादंबरी. वर्ल्ड फँटसीत दीर्घकथा हा गटच नाही. १०,००० शब्दांपर्यंत लघुकथा, त्यापुढे ४०,०००पर्यंत लघुकादंबरी.

हे कळलं नाही तर ‘बफेलो गॅल्स, वोंट यू कम आउट टुनाइट’ या कथेपाशी तुम्ही अडकाल. १९८८ साली तिला दीर्घकथेचा ह्यूगो मिळाला आणि त्याच वर्षी लघुकादंबरीचा वर्ल्ड फँटसी. मी यातलं एक चूक असणार असं धरून चालत होतो आणि कोणतं खोडायचं याचा विचार करत होतो. दोन्ही बरोबर आहेत. दहा हजारांहून जास्त आणि साडेसतरा हजारांहून कमी शब्दांची कथा दोन्ही नियमांत दोन वेगळ्या नावांनी बसते. तेव्हा गटाचं नाव पुरस्काराप्रमाणे लिहा, आपल्या मनाने एकसारखं करू नका.

मराठीत लिहिताना अडचण वाढते, कारण आपण दीर्घकथा, लघुकादंबरी हे शब्द सैल हाताने वापरतो. टिपणाच्या सुरुवातीला कोणता शब्द कशासाठी वापरलाय ते एका ओळीत सांगून टाका.

५. मिळालेले, ‘जवळजवळ मिळालेले’ आणि भलतेच, असे तीन ढीग करा

पहिल्या ढिगात फक्त विशिष्ट कृतीला मिळालेले पुरस्कार. ‘द फार्देस्ट शोअर’ला बालसाहित्याच्या गटात मिळालेला १९७३चा नॅशनल बुक अवॉर्ड इथे येतो. ‘द अदर विंड’चा २००२चा वर्ल्ड फँटसीही.

दुसऱ्या ढिगात अंतिम फेरी गाठलेले. ले ग्विन यांचं नाव पुलित्झरबरोबर अनेकदा घेतलं जातं. ‘अनलॉकिंग द एअर’ हा त्यांचा कथासंग्रह १९९७ साली पुलित्झरच्या अंतिम यादीत होता, जिंकला नाही. ‘द टूम्स ऑफ अटुआन’लाही बालसाहित्याचं न्यूबेरी पदक मिळालेलं नाही, १९७२ साली मिळाला तो न्यूबेरी ऑनर. उपविजेतेपद लहान नसतं, पण ते विजेतेपदाच्या ओळीत घुसवू नका. ‘नामांकन’ हा शब्द तर मी वापरणंच सोडलं आहे, कारण ह्यूगोसाठी एखाद्याच सभासदाने सुचवलेलं पुस्तकही ‘नामांकित’ म्हणून मिरवता येतं. ‘अंतिम यादीत’ म्हणा, निश्चित अर्थ आहे.

जीवनगौरव प्रकारचे सन्मान वेगळे मांडा: १९९५चा वर्ल्ड फँटसी जीवनगौरव, २००३चं ग्रँड मास्टर हे बिरुद, आणि नॅशनल बुक फाउंडेशनचं २०१४चं पदक. ग्रँड मास्टर नेब्युलाच्याच संघटनेकडून दिलं जातं, म्हणून लोक ते नेब्युलात मिळवतात आणि सहाचे सात करतात. तो मतदानाने मिळणारा पुरस्कार नव्हे.

तिसरा ढीग फेकून द्यायचा. २०२२पासून ‘अर्सुला के. ले ग्विन प्राइझ फॉर फिक्शन’ दिलं जातं. ते त्यांच्या नावाने आहे, त्यांना मिळालेलं नाही. हे सांगावं लागतं याचं हसू येईल, पण यंत्राने गोळा केलेल्या याद्यांत नाव जुळलं की असली ओळ आत शिरते.

नावं बदललेले पुरस्कार हाही एक त्रास. जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल यांच्या नावाने दोन वेगळे पुरस्कार होते. एक नवोदित लेखकासाठी, जो ह्यूगोच्याच समारंभात दिला जातो पण ह्यूगो मानला जात नाही, आणि २०१९पासून त्याचं नाव ‘अस्टाउंडिंग’ झालं. दुसरा कादंबरीसाठी. नुसतं ‘कॅम्पबेल पुरस्कार’ दिसलं की थांबा आणि कोणता ते शोधा. तसाच लिंगभावाचा वेध घेणाऱ्या लेखनासाठीचा टिपट्री. त्याचं आताचं नाव ‘अदरवाइज’. ले ग्विन यांना तो टिपट्री असताना मिळाला, म्हणून जुनं नाव लिहून पुढे आताचं नाव सांगावं.

६. जिथे पुरस्कार नाही, तिथेही पाहा

हे कुठल्याही यादीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहितो. ले ग्विन यांचं बहुधा सर्वांत जास्त वाचलं गेलेलं अद्भुतकथेचं पुस्तक म्हणजे १९६८ सालचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’. त्याला ना ह्यूगो, ना नेब्युला. मिळालं ते बालसाहित्याकडून, १९६९चा बोस्टन ग्लोब-हॉर्न बुक पुरस्कार. वर्ल्ड फँटसी सुरू व्हायला अजून सहा वर्षं होती, आणि मुलांसाठी म्हणून छापलेल्या पुस्तकाकडे विज्ञानकथेचे मतदार फारसे वळत नसत. त्याच मालिकेतल्या ‘टेहानू’ला बावीस वर्षांनी नेब्युला मिळाला. एवढ्या वर्षांत पुस्तकं बदलली तसे मत देणारेही बदलले. यादीत या दोन ओळी शेजारी ठेवल्या की लेखिकेच्या प्रवासाबद्दल परिच्छेदभर लिहायला मिळतं.

रिकाम्या जागेची कारणं कधी कधी साहित्याबाहेरची असतात. आर. एफ. क्वांग यांच्या ‘बेबल’ या कादंबरीला नेब्युला आणि लोकस दोन्ही मिळाले, २०२३च्या ह्यूगोच्या अंतिम यादीत मात्र ती नव्हती. चेंगडूच्या त्या संमेलनाची आकडेवारी जानेवारी २०२४मध्ये बाहेर आली तेव्हा दिसलं की पुरेशी मतं असूनही तिच्यापुढे ‘अपात्र’ असा शेरा होता, कारण न देता. यावरून मोठा गदारोळ झाला. अशा लेखिकेच्या यादीत ‘ह्यूगो: नाही’ एवढंच लिहिणं अपुरं आहे.

७. आता आकडा लिहा

ह्यूगो पाच, सात की आठ? तिन्ही आकड्यांना आधार आहे. कथात्म लेखनासाठी पाच: १९७०, १९७३, १९७४ची ‘द वन्स हू वॉक अवे फ्रॉम ओमेलास’, १९७५ आणि १९८८. २०१७ आणि २०१८ साली त्यांच्या ललितेतर लेखनाच्या दोन पुस्तकांना ‘संबंधित लेखन’ या गटात मिळाले, त्यातला दुसरा जानेवारी २०१८मध्ये त्या गेल्यानंतर. झाले सात. २०१९ साली अर्थसी मालिकेच्या, चार्ल्स व्हेस यांनी चितारलेल्या, एकत्रित आवृत्तीला कलापुस्तकाच्या खास गटात मिळाला, तो धरला तर आठ. मी ‘आठ ह्यूगो, त्यांतले पाच कथा-कादंबऱ्यांसाठी’ असं लिहितो. मलपृष्ठावरचा पाच हा आकडा बहुतेक २०१७च्या आधी छापलेला असतो, त्याला चूक म्हणू नका, त्याची तारीख पाहा.

नेब्युला सहा. कादंबऱ्यांसाठी चार, ‘सॉलिट्यूड’ला एक आणि ‘द डे बिफोर द रेव्होल्यूशन’ला एक.

सातवा त्यांनी नाकारला, आणि तुमच्या तक्त्यात त्याला जागा हवी. पोलंडचे लेखक स्टॅनिस्वाव्ह लेम यांना अमेरिकी लेखक-संघटनेने दिलेलं मानद सदस्यत्व १९७६ साली काढून घेतलं. लेम यांनी अमेरिकी विज्ञानकथेवर सडकून टीका केली होती. ले ग्विन यांना हा प्रकार पटला नाही. १९७७ साली ‘द डायरी ऑफ द रोज’ या त्यांच्या दीर्घकथेला नेब्युला मिळायच्या बेतात होता. कथा होती राजकीय कैद्याच्या मनात शिरून त्याचे विचार तपासणाऱ्या डॉक्टरबाईंची. अशा कथेसाठी याच संघटनेकडून बक्षीस घेणं त्यांनी नाकारलं. तो पुरस्कार मग आयझॅक असिमॉव्ह यांच्या ‘द बायसेंटेनियल मॅन’ला गेला, आणि गंमत म्हणजे ले ग्विन यांच्या लेखी असिमॉव्ह हे शीतयुद्धाच्या कडव्या समर्थकांचे जुने म्होरके होते. ही हकिकत ले ग्विन यांनीच पुढे एका लेखात सांगितली आहे.

विजेत्यांच्या अधिकृत यादीत हे सापडणार नाही, कारण तिथे असिमॉव्ह यांचं नाव आहे. तुम्ही ही ओळ घ्या, निकालाच्या रकान्यात ‘माघार’ लिहा, आणि बेरजेत धरू नका.